तिघांचं हेलिकॉप्टर

(उमरीजवळ, हरभरा निघालेल्या रानात हेलिकॉप्टर उभं आहे. पलीकडच्या मांडवात केरबाच्या पुतणीचं, बबिताचं लग्न नुकतंच लागलं आहे.)

केरबा : ...हाव, तर सगळ्या पावन्यांला सांगून ठिवलंय मी, विरूपाक्षशेठ. म्हनलं, नवरीला किनवटला नेनारी पायलट बाहेरची न्हाई, ह्या घरची पोरगी हाय. आमची तारामती. आन् मशीनमधी तिचाबी हिस्सा हाय.

विरूपाक्ष : आहेच की. एक तिचा, एक माझा, एक नांदेडच्या डॉक्टरांचा. सकाळी उदगीरहून मीच उडवत आणलं केरबाअण्णा, लोण्यासारखं आलं. तुम्ही फोटो काढून घ्या.

तारामती : शेठ, जरा इकडं वाका. बाबा, तुमीबी बघा. ज्यावर हे टेकतं, ती ही खालची आडवी नळी.

केरबा : फाकल्यावानी दिसून राहिली.

तारामती : मागल्या खेपेला मी उतरले तेव्हा सरळ होती. कुणी आपटलं, शेठ?

विरूपाक्ष : आपटलं कुठं? निलंग्याकडं जत्रेत फुलं टाकायला दिलं होतं. पायलट त्यांचाच होता. ढेकळात जरा जोरात टेकलं, इतकंच.

तारामती : भाड्यानं दिलं? तशी परवानगीच नाही आपल्याला. काही झालं असतं तर विमावाल्यांनी हात वर केले असते. आन् मला न् डॉक्टरांना एका शब्दानं विचारलं नाही तुम्ही.

विरूपाक्ष : पण झालं का काही?

तारामती : तेच तर माहीत नाही. खालची नळी इतकी वाकली, तर हादरा वर पंख्यापर्यंत गेला असेल. उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. मी उडवणार नाही.

विरूपाक्ष : अय्यो, मी आत्ताच आलो की त्यातून.

तारामती : तुम्ही सुखरूप आलात, बरं झालं. त्या भरवशावर मी बबिताला बसवू?

विरूपाक्ष : अण्णा, तुम्ही समजवा हिला. सगळा मांडव इकडं बघतोय. लोक तुम्हालाच हसतील.

केरबा : तारा, मी लई बोलून बसलो गं. धर्माबादपस्तोरची मानसं आलीत निस्तं हे बघाया.

तारामती : माहीत हाय, बाबा.

केरबा : एकटी असतीस तर उडवलं असतंस?

तारामती : न्हाई.

केरबा : मग इषयच संपला.

विरूपाक्ष : मग मी नेतो. मलाबी लायसन आहे, माझाबी हिस्सा आहे.

तारामती : तुमचा हिस्सा काढून न्या, शेठ. माझा हितंच राहील. सकाळी उतरल्यावर दिलेली चावी माझ्याकडं हाय.

विरूपाक्ष : केरबाअण्णा, बघा कशी बोलते.

केरबा : बघून राहिलो की. बरं बोलून राहिली. तुमी जेवून घ्या, शेठ, पंगत बसलीय. मी मांडवात सांगून येतो.

तारामती : बाबा, मी येते. मीच सांगते.

केरबा : बोललो मी, सांगनारबी मीच. तू मशीनपाशी थांब. कोनी पोरसोर चढंल.

विरूपाक्ष : ...तारामती, डॉक्टरांना फोन लावतो मी. मेकॅनिक येईस्तोवर हे इथंच राहू दे. जत्रेचं सांगायला पाहिजे होतं मी.

तारामती : हो, शेठ. सांगायला पाहिजे होतं.

विरूपाक्ष : ते बघ, अण्णा आले. माईकवर बोलले वाटतं.

तारामती : बाबा, लोक हसले का?

केरबा : हसले थोडे. नवरदेवाच्या बापानं इचारलं, पाव्हनं, तुमची पोरगी खरंच उडवती का? म्हनलं, उडवती. उडवू नये तवा न्हाई उडवत. मंग म्हातारा उठून पानी घिऊन आला मला.

तारामती : आन् बबिता? रडली असंल.

केरबा : न्हाई. जीप सजवून राहिलेत तिच्यासाठी. म्हनली, गाडीपस्तोर ताराताईच नेईल मला.