पहिल्यापासून लिहायचं का?

नसरापूरला वडापच्या रिक्षात बसून ती भरायची वाट पाहत होतो. समोर एक तरुण मुलगी आणि तिची आत्या बोलत होत्या.

"प्रेरणा, कंपनीनं काय बंद केलं म्हणालीस?"

"ऑपरेटिंग सिस्टीम, आत्या. तिच्याशिवाय कॉम्प्युटर नुसता डबा. आपल्या भोंगवलीच्या शाळेत तीच हाय."

"मग दुसरी टाकायची."

"दुसरी त्या जुन्या मशीनवर चालत न्हाई. म्हणून आमी तीस जण म्हणतोय, तशीच आपण पहिल्यापासून लिहू. फुकट, आन कुणालाही आतलं सगळं बघता येईल अशी."

"तीस जण कुठलं?"

"कुणी केरळचं, कुणी पोलंडचं. नेटवरचीच वळख, कुणी कुणाला भेटलेलं न्हाई. हात घालायचा का न्हाई, ते आज ठरणार. पाच वर्षं तरी जातील. निम्मे म्हणतात, झेपणार न्हाई."

"आन तू काय म्हणलीस?"

"करूनच दाखवलं. मशीन सुरू करताना जो भाग आधी जागा होतो ना, तो लिहिला. सगळ्यात अवघड तोच. सकाळी शाळेतल्या कॉम्प्युटरवर चालवला आन सगळ्यांना व्हिडिओ धाडला."

"चालला?"

"चालला की! थांब, निरोप आला."

"वाच मोठ्यानं."

"करायचं ठरलं, आत्या. तीसच्या तीस तयार झाले. आन... पुढारपण मला दिलंय."

"तुला?"

"व्हय."

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आत चढली. आत्यानं सरकून जागा दिली.

"बसा बाई. ही माझी भाची. काय करती म्हणून विचारा की मला!"