मुकी नायिका

माझी कादंबरी पुरी का झाली नाही म्हणता? बायकोमुळे! पन्नास-बावन्नची गोष्ट, आम्ही हिंगणघाटला होतो. नायिका मनातलं कधीच बोलत नाही, म्हणून मी तिला कापसाच्या गठाणीची उपमा दिली. दाबलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, मुकी. खूश होऊन बायकोला वाचून दाखवलं.

तिचं बालपण कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात गेलेलं. म्हणाली, "गठाण काई मुकी नसते जी. पट्टी तुटली का कापूस भसकन बाहेर येते."

"मग ही नायिका का बोलत नाही?"

"मी सकाळपासून तीनदा सांगून राह्यली, रोहण्याले माहेरी मायले भेटाले जायाचं हाय. तुम्ही काय म्हणाले?"

"हूं म्हणालो."

"मंग? बोलत असन थे बिचारी. तिचा नवरा कादंबरी लिहून राह्यला असन!"