बघायचा कार्यक्रम आणि स्पेस स्टेशन

तुमी हसाल, पण मला बघायला राजुरीचे पावणे आले ते दोन तास उशिरा. नेमकं तेव्हाच स्पेस स्टेशन आमच्या वारूळवाडीवरून जाणार व्हतं, तेही चारच मिनिटं. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि म्हणाले, "मला व्हिडिओ काढायचाय. गच्चीवर येता का सगळे?"

आले बिचारे. दुर्बिणीला कॅमेरा लावलेलाच व्हता. मुलगा इंजिनिअर. वर बघून म्हणतो, "हे तर विमान आहे."

मी हातानं दुर्बीण फिरवत म्हटलं, "विमान न्हाई. त्यात माणसं राहतात. सहा-सहा महिने. बायकासुद्धा."

त्याची आई दचकली. "आणि त्यांचे नवरे?"

"खाली, घरी."

"अगं बाई! मग त्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

मला असं हसू फुटलं, की दुर्बीण हलली आणि स्टेशन निसटलं. हाती लागले फक्त सहा सेकंद, पण त्यात सोलर पॅनल लई झकास दिसतात.

तिसऱ्या दिवशी मुलाच्या वडलांचा फोन आला. "मुलगी चांगली आहे, पण तिचं घरात लक्ष दिसत नाही. आमचा नकार समजा."

माझे वडील, अण्णा, शांतपणे म्हणाले, "बरं झालं राव, तुमीच कळवलंत. आमी दोन दिवस शब्द शोधत व्हतो."