नाक मुरडण्याचा ग्रीक शब्द

उपहास क्षणात घडतो. त्याची क्षमा मागण्यास मात्र मनुष्याला अंतःकरणाचे सारे बळ एकवटावे लागते. दुबईतील अल मनखूलच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या, वसईच्या पर्सी आणि लॉरा यांचे हे बोलणे ऐकावयास मिळाले, हे माझे भाग्य.

“लॉरा, चर्चमध्ये बायबल वाचणाऱ्यांच्या यादीतून नाव का काढलंस?”

“मी वाचताना तू हसलास म्हणून. माझ्या वसईच्या हेलाला.”

“काल बायबल क्लासला फादरांनी उपहासाचा जुना ग्रीक शब्द सांगितला, मुक्तेरिस्मोस. म्हणजे नाक मुरडणं. मला घामच फुटला.”

“एसी बंद असेल.”

“मार टोमणे, हक्क आहे तुझा. पण शुक्रवारी माझ्या मम्मीला जाऊन वर्ष होतंय, तिच्या मिस्साच्या प्रार्थनेत तूच वाच.”

“यादीतली सुझी वाचेल की. ती शुद्ध बोलते.”

“मम्मी तुझ्यासारखीच बोलायची गं. दुबईत आल्यावर मी तिलाही फोनवर ‘नीट बोल’ म्हणायचो.”

“बरं, वाचीन. पण तू पहिल्या बाकावर बस. मला नाक दिसलं पाहिजे तुझं.”

“थँक यू, लॉरा. खूप उपकार झाले.”

“यल्ला, चल, डोळे पूस. नंबर आलाय तुझा.”

त्या दिवंगत मातेला शांती लाभो, आणि या दोघांच्या वाणीत माधुर्य नांदो.