चांगल्या लाकडाचा

नाही काका, ते मला नका विचारू — मुलगा बरा होईल का ते डॉक्टर सांगतील, मी नुसती दुभाषी. त्यांचं तुम्हाला मराठीत सांगायचं, तुमचं त्यांना त्यांच्या भाषेत, संपलं. आणि 'बरा' या शब्दाचा तर मला वैताग आलाय. सकाळपासून जो येतो तो हेच विचारतो. मुळात केवढा मोठा शब्द होता माहितीये? 'वर'वरून आला — वर म्हणजे सगळ्यांत उत्तम, देवाकडे मागतात तो वरसुद्धा तोच — आणि झिजत झिजत कुठे येऊन बसला? कसा आहेस विचारलं की 'बरा आहे', म्हणजे रडत नाहीये, इतकंच. इंग्रजीत बरं होणं म्हणजे मुळात अखंड होणं. रशियनमध्ये धडधाकट माणसाला जो शब्द आहे ना, त्याचा मूळ अर्थ चांगल्या लाकडाचा. हसू नका, खरंच. पण चांगल्या लाकडालासुद्धा कीड — जाऊ दे.

आत एक लक्षात ठेवा — मी 'मी' म्हणेन ते माझं नसतं. डॉक्टर 'मी' म्हणाले की मीही 'मी' म्हणायचं, तुम्ही म्हणालात तरी 'मी'च. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. नात्यातल्या माणसासाठी दुभाषी म्हणून बसायचं नाही, हाही नियम, आणि योग्यच आहे — पण माझा धाकटा भाऊ ऐकेना. म्हणाला, वाईट असेल तर परक्याच्या तोंडून नको. माझं आडनाव लग्नात बदललेलं, कुणाला कळणार? मघाशी बाहेर आला ना, राखाडी स्वेटरवाला — तोच तो. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी त्याला म्हणाले, 'मी तुम्हाला बरं करू शकत नाही.' माझ्या तोंडानं, काका. ज्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरवला त्याला, 'तुम्हाला' म्हणून. तर तो डॉक्टरांकडे बघेचना — मलाच म्हणतो, 'असू दे, तायडे.' डॉक्टर थांबलेले, काय म्हणाले म्हणून. मी सांगितलं, 'असू दे.' तेवढंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक शब्द गिळला मी. आता तो खाली औषधांच्या रांगेत एकटा उभा असेल, आणि मला ड्यूटी संपेपर्यंत त्याच्याजवळ जाता यायचं नाही. फार थकले हो मी.

— आला तुमचा नंबर. उठा. नाही, नाही, माझा हात नका धरू, आत ओळख दाखवायची नसते. आणि जे विचारायचंय ते डॉक्टरांकडे बघून विचारा. माझ्याकडे बघू नका.