नळीला घातलेला हार

शिवाजीनगरच्या बसथांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या वीणाच्या पुढे उभे असलेले विमानांचे मेकॅनिक देवाप्पा बायकोवर नुसते धुमसत होते.

“अगं चंद्रा, उड्डाणाआधी पूजा केलीस ती केलीस, विमानाच्या त्या नळीला हार कशाला घातलास?”

“पुढच्या पंख्याला घालू दिलात का?”

“अय्यो, पंखा गरागरा फिरतो!”

“म्हणून न फिरणारी जागा बघितली.”

“त्या नळीत वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो! आत झेंडूची पाकळी अडकली, काटाच हलेना. पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धातलं विमान बघायला एवढी माणसं जमलेली, आणि उड्डाण रद्द! साहेब माझ्यावर डाफरले!”

“म्हणजे वर गेलंच नाही?”

“नाही!”

“पायलट सुखरूप घरी गेला?”

“जाणारच की!”

“मग हार घालतात कशासाठी?”