राणीचं पुढं काय झालं?

(शिरड शहापूर. मेंढरांच्या वाड्यापाशी नामाजी, त्याची बायको सत्यभामाबाई आणि फोनवरून बी.ए. शिकणारी लेक रागिणी.)

नामाजी : कॉलेज सोताहून फोनात येऊन राहिलं, अन् ही म्हणते मी हिंगोलीला कॉलेजात जाते! दारात विहीर असताना घागर घेऊन नदीला काहून जावं?

रागिणी : दारातल्या विहिरीला रेंज न्हाई, बाबा. टेकडीवर चढलं तवा आवाज येतो. तो बी सरांचा कमी अन् मेंढरांचा जास्त.

नामाजी : मेंढरांनी काय वाईट केलं तुझं?

रागिणी : मेंढरं परवडली. सरांनी माझं नाव घेतलं तर 'हाजीर हाय, गुरुजी' कोण वरडलं? सगळा वर्ग हसला!

नामाजी : तू कबऱ्या बोकडामागं पळाली व्हती. गैरहजेरी लागू द्यायची का मंग?

रागिणी : उद्या हॉस्टेलात नाव न्हाई घातलं तर जागा जाते. मला बाकावर बसायचंय, बाबा. शंका आली तर हात वर करायचाय. इथं हात वर केला की कुत्रं पळून जातं. त्याला वाटतं दगड मारून राहिली.

नामाजी : हॉस्टेलात जेवणाची लई तकलीफ असते म्हणतात.

सत्यभामाबाई : काल पाण्याची तकलीफ व्हती, परवा एसटीची. खरं काय ते सांगा ना पोरीला.

नामाजी : काय खरं?

सत्यभामाबाई : अंगात ताप असताना टेकडीवर कोण गेलं? तास सुरू झाला की हे दगडावर मांडी घालून बसतात, अन् मेंढरं ग्यानोबाच्या सोयाबीनमधी. त्याच्या शिव्या मात्र मी खाते!

रागिणी : बाबा... तुमी तास ऐकता?

नामाजी : कानावर पडतं. कानाला काय झाकण हाय का?

सत्यभामाबाई : पडतं म्हणे!

नामाजी : व्हय, ऐकतो! मला कोणी शाळेत घातलं न्हाई, रागू. आता या वयात कोण बसू दील? तुझ्या फोनात कोणी ऊठ म्हणत न्हाई. तू गेली की माझी बी शाळा बंद.

रागिणी : असं व्हय...

नामाजी : त्या फ्रान्सच्या राजा-राणीला धरून कोठडीत टाकलं म्हणले सर, अन् तास संपला. तवापासून झोप न्हाई मला. सोडलं का राजाला?

रागिणी : न्हाई. मुंडकं उडवलं.

नामाजी : आरारा! अन् राणीचं?

सत्यभामाबाई : सांगू नको गं. आजाबात सांगू नको!

रागिणी : राणीचं... हिंगोलीच्या वर्गात शिकवतील, बाबा. रोज सांजच्याला फोन करते अन् झालेला तास पुरा सांगते. पण तुमी हजेरी द्यायची.

नामाजी : रोज?

रागिणी : रोज.

नामाजी : मंग उद्या पहिल्याच एसटीनं जाय. त्या बाईला जास्त दिवस कोठडीत ठिवू नको.